तिसऱ्या मजल्याचा शब्द

सोमवार, ३ फेब्रुवारी

पाठीराख्यांना महिन्याचे पत्र पाठवले. पाठवण्याआधी तीनदा वाचले, दोन शब्द शब्दकोशात पाहिले. कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलेल्या माणसाने निदान लिहिताना तरी चुकू नये असे मला वाटते. ज्यांनी आपल्याला कधी पाहिलेले नाही आणि तरी आपल्यावर विश्वास ठेवून पैसे भरले, त्यांना आपली ओळख फक्त अक्षरांतूनच असते.

दिलेला शब्द पत्रात पुन्हा लिहिला, म्हणजे मलाच विसर पडायला नको. खेळ पंधरा मेला मिळेल. त्यात तीन मजले असतील. आणि एकही आवाज विकत घेतलेला नसेल. सगळे आवाज एका खऱ्या इमारतीतले, खऱ्या माणसांचे.

दोन मजले झाले आहेत, तिसरा बाकी आहे.

मी काम करतो त्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचा मालक आज पुन्हा विचारत होता, "काय कंपनी, तुझ्या गेममध्ये दिसतं तरी काय?" मी म्हटले, काहीच दिसत नाही, काळा पडदा असतो. तो म्हणाला, "मग माझ्याकडे रोज तसे चार मोबाइल येतात दुरुस्तीला. ते विक की!" दुकानातली गिऱ्हाइके हसली. मीही हसलो.

पण खरेच तसे आहे. खेळात इमारतीची वीज गेलेली असते. तुम्ही एका मजल्यावरच्या खोल्यांतून एक किल्ली शोधत असता, फक्त कानांनी. म्हातारी घरमालकीण जिना चढत असते. तिची पावले वाजत आहेत तोवरच तुम्ही हलायचे, कारण त्यांच्या आवाजात तुमचा आवाज लपतो. ती थांबली की थांबायचे. नाही थांबलात, तर तिला कळते. ती वर पोचायच्या आत किल्ली सापडली पाहिजे. एवढाच खेळ आहे.

घरमालकीण म्हणजे आमची आई. इमारत म्हणजे आम्ही भाड्याने राहतो ती. दुपारी जेवणे झाल्यावर सगळे बिऱ्हाडकरू कामावर असतात. तेव्हा आई शिलाई मशीनवरून उठते, खाली जाते आणि जिना चढते. मी माइक धरून बसतो.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

तिसऱ्या मजल्याचे पहिले ध्वनिमुद्रण. घेतलेले सगळे वाया गेले.

मागच्या वर्षी पहिल्या मजल्याच्या वेळी आईची पावले नळातून थेंब पडावेत तशी एकसारखी पडली होती. आज मध्ये मध्ये मोठी जागा पडते आहे आणि पावलांपेक्षा श्वासच जास्त ऐकू येतो. माइक जवळ ठेवल्यामुळे असेल. लांब ठेवून पाहिला, तरी तेच.

मी म्हटले, "आई, घरमालकीण श्वास घेत नाही."

"का? मेली की काय ती?"

"तसं नाही. माणसाला फक्त पावलं ऐकू आली पाहिजेत."

"बरं बाबा. नाक दाबून चढते." आणि खरेच पदर तोंडाशी धरून पुन्हा खाली गेली. वर आली तेव्हा कठड्याला टेकून बराच वेळ नुसती उभी राहिली आणि मग म्हणाली, "माझा पगार ठरव आता. फुकटात नट्या मिळत नसतात."

संध्याकाळी बसून सगळे श्वास एकेक करून कापले. कापलेले तुकडे मी टाकून देत नाही. ‘नको’ नावाच्या कप्प्यात ठेवतो, काय सांगावे, कधी काय लागेल. काम किचकट आहे, पण नीट केले की जोड कळत नाही.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज वेगळीच अडचण. आईने नवीन चपला घेतल्या आहेत, रबरी, दोन मापे मोठ्या. त्या फटक फटक वाजतात. पहिल्या दोन मजल्यांवर घरमालकिणीच्या चामडी चपला आहेत. एकच बाई वर जाता जाता चपला कशी बदलेल?

आई म्हणाली, "पाय वाढलेत रे माझे. वयात आलेत आत्ता कुठे."

"तेवढ्यापुरत्या जुन्या घाल ना."

घातल्या. जरा वेळ लागला घालायला. काम झाल्यावर काढल्या तेव्हा पावलांवर पट्ट्यांचे खोल वळ उमटले होते. पडून राहिले की चामडे आखडते, मी तेल लावून ठेवले आहे.

आवाज मात्र अगदी जुळला. बरे वाटले. पाठीराख्यांपैकी कुणाच्या लक्षातही आले नसते कदाचित. पण मला माहीत असते ना.


रविवार, २ मार्च

अर्धा तिसरा मजला ऑपरेटर काकांकडे पाठवला होता, त्यांचा आज फोन आला.

काका माझे पहिले पाठीराखे. तरुणपणीच त्यांची दृष्टी गेली. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. खेळाची जाहिरात टाकली त्या दिवशी त्यांनी लिहिले होते, "इतर खेळांत माझा नातू मला जिंकू देतो. तुझ्या खेळात मी त्याला जिंकू देईन." तेव्हापासून प्रत्येक मजला आधी ते तपासतात. आमची भेट कधी झालेली नाही, पण ते मला अरे-तुरे करतात आणि चुकलो की झाडतात.

"काय रे, तिसरा मजला सगळ्यात अवघड म्हणून सांगतोस आणि हा तर पोरखेळ आहे!"

"का, काय झालं?"

"अरे, ती बाई अर्ध्या जिन्यात असते तोवर माझ्या निम्म्या खोल्या धुंडाळून होतात. पहिल्या मजल्यावर कशी झपाझप यायची. इथे तिला वर यायचंच नाहीये की काय?"

त्यांचे म्हणणे खरे आहे. श्वास कापले तरी पावलांमधली अंतरे राहिली आहेत. ती कमी करायला हवीत. म्हणजे पाऊल आणि पाऊल यांच्या मधली शांतता थोडी थोडी उचलून टाकायची. हातांना आता सवय झाली आहे, डोळे मात्र चुरचुरतात. दुकानात आज मालकाने चेष्टा न करता माझ्यापुढे चहा ठेवला. एवढा मी थकलेला दिसत असेन.


बुधवार, १२ मार्च

पाठीराख्यांच्या पानावर एकाने लिहिले आहे. नाव लिहीत नाही, लाल टोपीचे चित्र लावतो. "तिसरा मजला येत नाही, लिहून ठेवा. आधी मोठमोठे शब्द द्यायचे आणि मग अडचणी सांगायच्या. हे सगळे असेच."

मी अजून एकही अडचण सांगितलेली नाही. तरी जेवण गेले नाही. उत्तर लिहिले, खोडले, परत लिहिले, पाठवलेच नाही.

आईने ताट पाहिले. "काय झालं?"

वाचून दाखवले. ती खुर्चीत बसून ऐकत होती. हल्ली ती रात्रीही खुर्चीतच झोपते, पाठीला दोन उशा लावून. आडवे झाले की खोकल्याची उबळ येते म्हणते. कापडाची धूळ छातीत जाते, शिलाईकाम करणाऱ्यांना ते चुकत नाही.

"त्याने पैसे भरलेत ना?"

"भरलेत."

"मग त्याला बोलायचा हक्क आहे. तू करून दाखव. उद्या घेऊ या का पुन्हा?"

"उद्या नको, दमली असशील."

"तारीख काय माझ्या दमण्यासाठी थांबणार आहे?"

संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई लग्न झाल्यापासून गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, तिला दोन लहान मुली आहेत. म्हणाली, आई फोनवर वाक्य पुरे करत नाही, मध्येच सोडून देते. मी म्हटले, कामात असते. ताईला लहानपणापासून सगळ्याचीच काळजी. माझ्यापेक्षा जास्त.


शुक्रवार, २१ मार्च

आज बऱ्याच दिवसांनी चांगली बातमी. माझी एक चूक काकांना आवडली!

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जिना वळतो तिथे आई थांबली होती. तो थांबा कापायचा राहून गेला आणि तसाच काकांकडे गेला. मला वाटले झाडणार.

"अरे, भारी केलंस! ती मध्येच थांबते. मी एक पाय उचललेला. तसाच थांबलो. वाटलं, हिला कळलं. ती काही करत नाही, नुसती उभी. पुढचं पाऊल कधी पडेल सांगता येत नाही. घाम फुटला मला. कसं सुचलं तुला?"

सुचले नव्हते हे मी सांगितले नाही. सांगायला हवे होते. पण इतक्या दिवसांत कुणी असे बोलले नव्हते.

म्हणून आज दुपारी आईला म्हटले, "आज चढताना मध्ये मध्ये थांब. कुठे थांबशील ते आधी ठरवू नकोस. मनाला येईल तिथे."

आई हसली. हसता हसता तिला खोकला आला. "थांबायला काय मला शिकवायला हवं होय? ते तर मी फुकटात करीन."

आणि इतके छान केले तिने. प्रत्येक वळणावर थांबली, कधी दोन पायऱ्यांनीच थांबली, एकदा तर इतका वेळ थांबली की मीच वरून वाकून पाहिले. कठड्याला कपाळ टेकवून उभी होती. हाताने ‘गप्प बस’ अशी खूण केली. ध्वनिमुद्रण चालू आहे हे तिच्या लक्षात होते. माझ्या नव्हते.

पुन्हा घ्यावे लागले नाही.


शनिवार, ५ एप्रिल

मधले दिवस लिहिले नाही. दुकान, घर, माइक, कापाकापी. अंगात कणकण आहे पण ताप नाही.

आईने एक युक्ती काढली आहे. पिशवीला दोरी बांधून खिडकीतून खाली सोडते, भाजीवाली त्यात भाजी ठेवते, आई वर ओढून घेते. भाजीवाली खालून ओरडते, "मावशी, आज मासा लागला बघा गळाला!" सगळी आळी हसते. आई म्हणते, जिन्यात उगीच वेळ कशाला घालवायचा, तेवढ्यात एक शिवण होते. आजकाल ती फक्त माझ्या कामासाठी खाली उतरते. मी म्हटले, तेवढाच तुला व्यायाम. ती सुईत दोरा ओवत राहिली. दोरा जाईना, मग माझ्याकडे दिला.

ओठ जरा निळसर दिसले. बहुतेक खिडकीच्या निळ्या पडद्यामुळे.

लाल टोपी: "चाळीस दिवस उरले. काय साहेब, चढताय ना?"


मंगळवार, १५ एप्रिल

तिसरा मजला पुरा झाला. सकाळी काकांकडे पाठवला. महिनाभर आधी! मला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या, पण नुसता बसून राहिलो.

दुपारी काकांचा फोन आला. आज ओरडले नाहीत.

"झाला खेळून. किल्ली सापडली."

"कसा वाटला?"

"सांगतो. आधी मला एक सांग. ही बाई पहिल्या मजल्यावरची आणि ही तिसऱ्या मजल्यावरची, एकच का?"

"एकच. माझी आई."

"तुझी आई. आणि पहिला मजला कधी केला होतास?"

"मागच्या वर्षी. याच सुमारास."

फोन कट झाला की काय म्हणून मी पाहिले.

"मला वाटत होतं, तू दुसरी कुणी म्हातारी आणलीस. माझ्या आईच्या वयाची. हे बघ, आम्ही ऑपरेटर लोक, समोरचा खुर्चीत बसलाय की उभा आहे ते आवाजावरून सांगायचो. डॉक्टर नाही मी. पण तू खेळ ठेव बाजूला आणि आईला दाखवून आण. उद्या."

"काका, तिला धुळीचा त्रास आहे. मजला कसा झालाय ते सांगा ना."

"मजला चांगला झालाय," ते म्हणाले. "फार चांगला झालाय. तेच तर सांगतोय." आणि त्यांनी फोन ठेवला.

मला राग आला. खेळ तपासायचा सोडून माणसे सल्ले देतात.


बुधवार, १६ एप्रिल

आज दुकानात गेलो नाही.

काकांना चुकीचे ठरवायचे म्हणून सकाळी पहिला मजला आणि तिसरा मजला एकापाठोपाठ एक लावले. त्यातून काही कळत नाही, तिसऱ्यात मी इतकी काटछाट केली आहे की खरे काय उरले ते मलाच ओळखू येत नाही. मग ‘नको’चा कप्पा उघडला. तारखेप्रमाणे लावलेला असतो, मला तशी सवय आहे. पहिला तुकडा मागच्या वर्षीचा. आई वर पोचल्यावर हुश्श करते आणि म्हणते, "झालं का रे?" मग पुढचे. सगळे ऐकले.

फेब्रुवारीपासून पुढे ती ‘झालं का रे’ म्हणत नाही. म्हणायला श्वास नसतो.

आणि हे सगळे मी, याच हातांनी, एकेक करून, जोड कळू नये असे कापले होते.

बाहेर आलो. आई मशीनवर होती. पाय मशीनच्या पायट्यावर होते, सुजून गोल झालेले. ते रोज तिथेच होते.

मी म्हटले, "आई, डॉक्टरकडे जायचंय."

"जाऊ की. पंधरा मे झाली की जाणारच होते. मी ठरवलेलंय."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"काय माहीत? दम लागतो एवढं माहीत होतं. तुला सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस. मग त्या लोकांना काय सांगितलं असतंस?"

मी तिथेच खाली बसलो. तिला वाटले मला चक्कर आली. उठून पाणी आणायला निघाली. मी तिचा हात धरून बसवले. एवढेच केले.


शनिवार, १९ एप्रिल

हृदयाची झडप नीट मिटत नाही. त्यामुळे छातीत आणि पायांत पाणी साठते आहे. गोळ्यांनी उतरेल, मग झडपेचे पुढे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "जिने चढता का?" आई म्हणाली, "थोडेफार." मी म्हटले, "रोज. कधी कधी चार-पाच वेळा." बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या काही बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

जिना बंद, म्हणजे घर बंद. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

गुरुवारी तिला खाली नेले ते लिहायचे राहिले. दुकानाचा मालक निरोप मिळताच शटर ओढून आला. खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी तिला उतरवले. मालक धापा टाकत होता. आई त्याला म्हणाली, "सावकाश हं. तुम्हालाच दम लागायचा." तो म्हणाला, "मावशी, तुम्ही बोलू नका, मला हसू येतं आणि मग हात सुटतो."

ताई रुग्णालयात माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. डबा मात्र माझ्यासाठीही आणला होता.


सोमवार, २८ एप्रिल

पाणी उतरले. आई आता ताईकडे आहे. तळमजला, दोन खोल्या, बाहेर नळ. पावले पुन्हा तिच्या मापाची झाली आहेत. आडवी झोपू शकते. मुली तिच्या खाटेवर चढून बसतात आणि ताई त्यांना खाली ओढते.

आज मी गेलो तर पहिला प्रश्न, "खेळ कुठवर आला?"

"झालाय."

"मग पाठव की. तारीख जवळ आली."

"तिसरा मजला ठेवायचा नाही असं वाटतंय."

आई उठून बसली. "का?"

"त्यात तू दमलीयेस."

"मग? जिना चढताना माणसं दमतातच."

"लोक त्यावर खेळणार, आई. तू थांबलीस की त्यांना मजा येणार."

"येऊ दे की. एवढी चढले ते फुकट घालवतोस? मी काय हौसेने चढले? लोकांनी पैसे दिलेत म्हणून चढले."

ताई आतून आली. "आता पुन्हा तुम्ही दोघं त्या जिन्यावर चढलात तर मी दोघांना बाहेर काढीन. तळमजल्यावरून काढायला सोपं जातं." आई हसली. तिला हसताना खोकला आला नाही, हे मी पाहिले.

निघताना ताई दाराशी म्हणाली, "तुला बाईची पावलंच हवीत ना? मी चढते. रविवारी येते तुझ्याकडे." हे तिचे पहिले बोलणे. मी नको म्हटले. तिला वाटले मी रुसलो. मला आता कुणालाच जिना चढताना ऐकायचे नाही, हे तिला समजावता आले नाही.


शुक्रवार, ९ मे

काकांना विचारले. तिसरा मजला तयार आहे, शब्द दिलेला आहे, आई ठेव म्हणते. ठेवू का?

"ठेवलास तर बाकी कुणाला काही कळणार नाही," ते म्हणाले. "सगळे वाहवा करतील. मी नाही खेळणार, एवढंच. पण माझ्या एकट्यावरून ठरवू नकोस."

"मग कशावरून ठरवू?"

"ते मला माहीत असतं तर मी एवढी वर्षं लोकांचे फोन जोडत बसलो असतो का?"

घरी एकटाच असतो. वर येताना वळणावर पाय आपोआप थांबतात. शेजारी विचारतात, काय राहिलं का खाली?

ठेवला तर तिन्ही गोष्टी पाळल्या जातात: तारीख, मजले, खरे आवाज. यापेक्षा खरा आवाज माझ्याजवळ दुसरा नाही. वर्षभर मी रोज हेच घोकत होतो की एकही शब्द मोडायचा नाही. आता मोडायला बसलो तर हात वळत नाही. कीबोर्डवर ठेवून नुसता बसतो.


गुरुवार, १५ मे

तारीख.

सकाळी तिसरा मजला काढला. खेळात दुसऱ्या मजल्याच्या वर आता फक्त एक भिंत लागते. त्याचे सगळे ध्वनिमुद्रण पुसले, ‘नको’च्या कप्प्यासकट. पुसण्याआधी काहीही ऐकले नाही.

मग पत्र लिहिले. "खेळ आज मिळेल. त्यात दोन मजले आहेत. तिसरा मजला होणार नाही." आधी ‘सध्या होणार नाही’ असे लिहिले होते, तो ‘सध्या’ काढला. "ज्यांना पैसे परत हवे असतील त्यांनी कळवावे. कारण दोन दिवसांत लिहितो." तीनदा वाचले. चूक नव्हती.

पाठवून दुकानात गेलो. मालक म्हणाला, "काय कंपनी?" मी म्हटले, "दिला." त्याने समोर एक फुटका मोबाइल सरकवला. दिवसभर काम केले. पान उघडून पाहिले नाही.


शनिवार, १७ मे

बऱ्याच जणांनी काहीच लिहिलेले नाही. काहींनी दोन मजले आवडले म्हणून लिहिले. काहींनी पैसे परत मागितले, त्यांना पाठवतो आहे, त्यासाठी चांगला माइक दुकानात विकायला ठेवला. काकांनी लिहिले की नातू हरला.

लाल टोपीने लिहिले: "मी फेब्रुवारीत काय म्हटलं होतं? शब्द द्यायला काय जातं!" मार्चमध्ये म्हटले होते, पण ते सोडा.

दुपारी ताईकडे गेलो. कारण लिहून नेले होते. पान-दीड पान भरले होते. आई, जिना, चपला, श्वास, झडप. इतके चांगले मी आजवर काही लिहिले नसेन. हे वाचल्यावर लाल टोपीसुद्धा काही बोलू शकणार नाही, अशी माझी खात्री होती. पाठवण्याआधी आईला वाचून दाखवावे असे वाटले.

आधी तिला लाल टोपीचे वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. बसून करायची कामे ताईने तिला परत दिली आहेत.

"बरोबर बोलला तो," आई म्हणाली.

"बरोबर?"

"तीन म्हणालास, दोन दिलेस. त्याने काय टाळ्या वाजवायच्या?"

मग मी माझे वाचायला घेतले. चपलांपर्यंत आलो तेव्हा तिने हात वर केला.

"बास. हे कुणाला पाठवणार?"

"सगळ्यांना. कारण सांगतो म्हणून लिहिलंय मी."

"लिही. तीन मजल्यांचा शब्द दिला होता, पाळला नाही, चूक माझी. माफ करा."

"एवढंच? आई, त्यांना वाटेल मी आळशी आहे. फसवलं."

"वाटू दे."

"पण खरं कारण..."

"ते कारण माझं आहे," आई म्हणाली. "तुझं नाही ते, लोकांना वाटत सुटायला." आणि निवडलेली भाजी उचलून ताईला हाक मारली.

मी तिथेच खाटेच्या कडेला बसून तिने सांगितले तेवढे लिहिले. एकदाच वाचले, आणि पाठवले.